टोनमास्तरांच्या माघारी

टोनमास्तरांना खऱ्या नावानं हाक मारणारं माणूस त्या ऑफिसात कोणी उरलंच नव्हतं. पगाराच्या कागदावर नाव असेल तेवढंच. बाकी मोठ्या साहेबांपासून गेटवरच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांचे ते टोनमास्तर. कोणाचा फोन बिघडला की ते यायचे, रिसीव्हर उचलून कानाला लावायचे, डोळे मिटून आतला तो एकसुरी आवाज, म्हणजे टोन, ऐकायचे आणि सांगायचे, "पाणी गेलंय वायरीत." बहुतेक वेळा ते खरं निघायचं. नाही निघालं, तर "मग तुम्हीच टेबलावर चहा सांडलेला असणार," असं म्हणून ते समोरच्यालाच गुन्हेगार ठरवून मोकळे व्हायचे. गंमत म्हणजे तेही कधीकधी खरं निघायचं.

कंपनी यंत्रांचे सुटे भाग विकणारी. पुढे तीन मजल्यांची इमारत, मागे फरशी घातलेलं मोकळं अंगण आणि अंगणापलीकडे लांबलचक गोदाम. इमारतीच्या जिन्याखाली एक अरुंद खोली होती. तिथं कपाटाएवढं एक करडं धूड उभं होतं, ते टेलिफोन एक्स्चेंज. त्याच्या शेजारी भिंतभर पसरलेली फ्रेम. ऑफिसातल्या प्रत्येक फोनची वायर शेवटी या फ्रेमवर येऊन पोचायची आणि पंच नावाच्या लहानशा हत्यारानं खाचेत दाबून बसवली जायची. वायरी जोडीजोडीनं यायच्या आणि कोणती जोडी कोणाची हे रंगावरून ओळखायचं. पांढरीबरोबर निळी ती पहिली, मग नारिंगी, मग हिरवी, मग तपकिरी, मग राखाडी. हा क्रम चुकला की एकाचा फोन दुसऱ्याकडे वाजलाच म्हणून समजा.

टोनमास्तरांची लेक हा क्रम पाढ्यांच्या आधी शिकली होती. शाळेला सुट्टी असली आणि आईला बरं नसलं की बाबा तिला बरोबर घेऊन यायचे, त्या खोलीतल्या स्टुलावर बसवायचे आणि एकेक वायर तिच्या हातून मागून घ्यायचे. "चिमे, हिरवी दे. आता तपकिरी." चिमी द्यायची. चुकीची दिली तर बाबा रागवायचे नाहीत, नुसते हात पुढे धरून थांबायचे. ती तिची ती ओळखायची आणि बदलून द्यायची. तिला त्या खोलीतला गरम धुळीचा वास आवडायचा, आणि बाबा तिथं घरातल्यापेक्षा जास्त बोलायचे तेही.

बाकी माणूस हट्टी. विशेषतः एका बाबतीत तर अगदी नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. त्यांनी बसवलेली जोडी दुसऱ्या कोणी तपासायची नाही. स्वतः बसवायची, स्वतः ऐकायची आणि स्वतःच "झालं" म्हणायचं. एकदा बाहेरून आलेल्या एका कारागिरानं सहज म्हणून त्यांच्या कामावर टेस्टर टेकवला. टोनमास्तरांनी शब्दही न बोलता आपली पिशवी उचलली आणि घर गाठलं. मॅनेजर स्वतः घरी येऊन समजूत घालून गेले तेव्हा कुठं स्वारी पुन्हा कामावर गेली. लोक हसायचे, पण चालवून घ्यायचे, कारण त्यांच्या हाताखालून गेलेली फ्रेम खरोखरच वर्षानुवर्षं कुरकुरायची नाही.

मग ते निवृत्त झाले. निवृत्त झालेल्या माणसाला घरात काय करायचं असतं हे कोणी शिकवत नाही. टोनमास्तरांनी आधी घरातली सगळी बटणं दुरुस्त केली, मग शेजाऱ्यांची केली, मग शेजाऱ्यांनी दारं लावून घ्यायला सुरुवात केली. आई म्हणायची, "दिवसभर माझ्या मागं मागं फिरतात. मी काय एक्स्चेंज आहे?" ते मोठमोठ्यानं हसायचे. पण हळूहळू हसणं कमी होत गेलं, आणि दुपारी खुर्चीत बसल्याबसल्या त्यांचा डोळा लागायला लागला. चिमी नवऱ्याबरोबर जवळच राहायची. संध्याकाळी डोकावायची तेव्हा बाबा तेच विचारायचे, "आमच्या ऑफिसातलं एक्स्चेंज चालू आहे का गं?" तिला काय ठाऊक असणार! ती म्हणायची, "असणारच. तुम्ही बसवलंय."

चिमी आता चाळिशीला टेकली होती आणि बाबांच्याच धंद्यात होती, फक्त दुसऱ्या टोकाला. कॉम्प्युटरच्या नेटवर्कवर चालणाऱ्या नव्या आयपी फोनचं काम घेणाऱ्या एका फर्ममध्ये ती जोडणीची प्रमुख होती. एक दिवस तिच्या साहेबांनी टेबलावर नव्या कामाचा कागद ठेवला आणि पत्ता वाचून तिला हसू फुटलं. तेच ऑफिस. वरच्या मजल्यांवर आयपी फोन बसवायचे होते. पण गोदाम, कॅन्टीन आणि गेट इथले जुने फोन आणि जिन्याखालचं जुनं एक्स्चेंज तसंच ठेवायचं होतं, कारण अंगणाखालून नवी केबल टाकायची तर सगळी फरशी उखडावी लागली असती. शिवाय मोठ्या साहेबांचा आग्रह होता की कोणाचाही नंबर बदलता कामा नये. म्हणजे जुन्याला नव्याशी बोलतं करायचं. त्यासाठी गेटवे नावाची एक डबी मिळते. जुन्या एक्स्चेंजच्या जोड्या फ्रेमवरून या डबीत आणायच्या, आणि डबी प्रत्येक जोडीचा नंबर वरच्या एकेका नव्या फोनला नेऊन देते.

"ती फ्रेम कोणाला कळायची नाही," चिमी साहेबांना म्हणाली. "एकच माणूस आहे. आपण त्यांना बोलावू."

हे अर्धंच खरं होतं. फ्रेम तिलाही कळली असती. पण बाबांनी एकदा, फक्त एकदाच, त्या गेटमधून मान ताठ ठेवून आत जावं आणि तसंच बाहेर यावं, एवढंच तिच्या मनात होतं. घरी येऊन तिनं सांगितलं तेव्हा टोनमास्तर खुर्चीतून उठून उभे राहिले आणि आईला म्हणाले, "माझी पिशवी कुठं आहे?" पिशवी जिथं नेहमी असायची तिथंच होती.

आईनं त्याच संध्याकाळी चिमीला स्वयंपाकघरात गाठलं. "त्यांना आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने. परवा निळा टॉवेल मागितला तर हिरवा घेऊन आले, आणि वर मलाच सांगतात हाच निळा."

"अगं, लक्ष नसेल," चिमी म्हणाली. "काम संपलं की नेते."

आता तेव्हाच नेलं असतं तर काय बिघडलं असतं, हे ती पुढं कितीतरी वेळा स्वतःला विचारणार होती.

पहिल्या दिवशी टोनमास्तर इस्त्रीचा शर्ट घालून आले. वॉचमननं उठून नमस्कार केला. कॅन्टीनवाल्यानं न विचारता चहा पाठवला. जिन्याखालचं दार उघडून ते आत गेले आणि करड्या धुडावर हात फिरवला. मग चिमीनं त्यांना वर नेऊन नवा फोन दाखवला. वायर खोचली तसा फोनच्या पडद्यावर उजेड आला, काहीबाही अक्षरं सरकली, पुन्हा अंधार झाला, पुन्हा उजेड.

"काय चाललंय याचं?"

"सुरू होतोय, बाबा. आधी नेटवर्कवरून पत्ता घेतो, मग आपली नोंद करतो, मग वाजायला तयार."

"आमचा फोन उचलला की बोलायचा," टोनमास्तर म्हणाले. "हा आधी उठणार, अंघोळ करणार, भांग पाडणार, मग बोलणार. जावई आहे की फोन?"

सगळे हसले. चिमीही हसली. तिचा नवरा उशिरा उठायचा आणि हे बाबांना पक्कं ठाऊक होतं.

कामाची वाटणी सोपी होती. ती वरच्या मजल्यांवर, नवे फोन आणि डबीची मांडणी तिच्याकडे. बाबा खाली, फ्रेम त्यांच्याकडे. डबीपासून फ्रेमपर्यंत नवी केबल आली होती, तिच्या बारीक, फिक्या रंगांच्या जोड्या जुन्या जोड्यांना जुळवून बसवायच्या. पहिल्या दिवशी चार वाजायच्या आत त्यांनी आपला वाटा उरकला, हात धुतले, "झालं" म्हणाले आणि चहाला घरी गेले.

चिमीनं वरून जुन्या नंबरावर एक फोन लावून पाहिला. हिशेब विभागाचा फोन वाजायला हवा होता, खरेदी विभागाचा वाजला. तिला वाटलं आपलीच चूक. डबीची मांडणी पुन्हा नीट पाहिली, बरोबर होती. मग ती खाली गेली. फ्रेमसमोर मोबाइलचा दिवा धरून वाकली. निळीच्या जागी हिरवी बसली होती आणि हिरवीच्या जागी निळी. दाबून, नीट, टोक कापून, टोनमास्तरांच्या हाताला शोभेल अशी सुबक.

ती तशीच उभी राहिली. हे बाबांच्या हातून झालंय हे तिला पटेचना. मग टॉवेल आठवला. खोलीत तोच जुना पिवळा बल्ब लोंबत होता. त्या उजेडात तिनं स्वतः डोळे बारीक करून पाहिलं, तिला दोन्ही रंग वेगळे दिसले.

खरं सांगायचं तर तिथंच सगळं ठरलं. ती फोन करून म्हणू शकत होती, बाबा, दोन जोड्या उलट बसल्यात, उद्या डोळे दाखवू. बाबा रागावले असते, रुसले असते, एक दिवस जेवले नसते. पण तिच्या डोळ्यांपुढे उभा राहिला तो इस्त्रीचा शर्ट आणि वॉचमनचा नमस्कार. तिनं आपल्या पिशवीतून दुसरा पंच काढला, चारही वायरी उपसल्या, जागच्या जागी बसवल्या आणि दार ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोनमास्तरांनी दारातूनच विचारलं, "काय गं, काही फॉल्ट?"

"एकही नाही, बाबा."

"नसणारच," ते म्हणाले आणि कामाला लागले.

मग रोज तसंच. बाबा चहाला गेले की चिमी जिन्याखाली शिरायची. रोज कुठं ना कुठं निळी-हिरवी उलटलेली असायची. ती सरळ करायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेच उत्तर द्यायची. एकदा तिनं पांढरा लख्ख दिवा आणून लावून पाहिला. टोनमास्तरांनी तो काढून कोपऱ्यात ठेवला. "याच बल्बखाली आयुष्य गेलं माझं. हा नवा दिवा डोळ्यांत खुपतो." तिनं वाद घातला नाही. तिला वाटलं, थोडेच दिवस राहिलेत, निभावून नेऊ.

आणि बाबा बदलले होते ना! ताठ चालायला लागले होते. जेवताना बोलायला लागले होते. आईला सांगायचे, "इतक्या वर्षांनी हात लावला, पण एक जोडी चुकली नाही. चिमीला विचार." आई चिमीकडे बघायची आणि चिमी भाजीकडे बघायची. कॅन्टीनमध्ये तर त्यांचा दरबारच भरायला लागला. हात म्हणजे काय असतो, आजकालच्या पोरांना टेस्टरशिवाय पाऊल कसं उचलता येत नाही, आपण कसे नुसत्या कानावर काम करतो. शेजारच्या टेबलावर बसून चिमी ते ऐकायची आणि तिला बरं वाटायचं. बरं वाटायचं आणि अपराधीही वाटायचं. पण बरं वाटणं जास्त होतं, म्हणून ती गप्प राहिली.

शेवटच्या दिवशी बाबांनी उरलेल्या जोड्या बसवल्या. त्यातच मोठ्या साहेबांची होती, आणि जागा करण्यासाठी कॅन्टीन आणि गोदामाच्या जुन्या जोड्याही त्यांनी उपसून पुन्हा बसवल्या. त्या संध्याकाळी चिमी खाली जायला निघाली तोच दुसऱ्या मजल्यावरचे सगळे नवे फोन एकदम मेले. हे फोन वेगळ्या विजेवर चालत नाहीत, नेटवर्कच्या वायरीतूनच त्यांना वीज मिळते, आणि ती वीज देणारा स्विचच बंद पडला होता. नवा स्विच मागवणं, तो येणं, तो बसवणं यात तिचा जीव मेटाकुटीला आला. फ्रेम तपासायची राहूनच गेली. घरी पोचल्यावर तिला ते आठवलं. सकाळी लवकर जाऊन बघू, असं म्हणून ती झोपली.

सकाळी ती पोचली तर मोठे साहेब तिच्या आधी आलेले. तिच्या फर्मचे साहेबही होते. मॅनेजर, हिशेबवाले, खरेदीवाले, सगळे खालच्या दालनात गोळा झाले होते, आणि मधोमध टोनमास्तर, आज तर नव्या शर्टात. चिमीला जिन्याखाली सटकायला वावच मिळाला नाही.

दालनाच्या दाराशी वॉचमनच्या टेबलावर गेटचा जुना फोन होता, तो मॅनेजरनी उचलला आणि सगळ्यांना ऐकू जावा म्हणून स्पीकर लावून मोठ्या साहेबांच्या केबिनचा नंबर फिरवला. केबिन गप्प. पलीकडून भांड्यांचा आवाज आला आणि कॅन्टीनवाला म्हणाला, "बोला, चहा किती?"

हशा पिकला. मोठे साहेबही हसले. मग त्यांनी स्वतः फोन लावला, गोदामाला, आणि तो विक्री विभागात वाजला. आता हसणं थोडं ओसरलं. चिमीच्या फर्मच्या साहेबांनी तिच्याकडे पाहिलं.

"मी बघते," ती म्हणाली. "फ्रेमवर एकदा नजर टाकते."

"फ्रेम सोडून बोल," टोनमास्तर म्हणाले. आवाजात राग नव्हता, अगदी शांत, समजावल्यासारखा होता. "इतके दिवस काम केलं, फ्रेममध्ये एक फॉल्ट निघाला नाही. हिलाच विचारा साहेब. दोष असणार तो तिच्या डबीत. नवीन यंत्र आहे, पोरगी शिकतेय, होतं असं. चिमे, सगळी मांडणी पुसून पहिल्यापासून कर."

चिमीच्या साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "खरंच मांडणीत चूक आहे का? तू काल तपासलं होतंस ना?"

"मांडणी बरोबर आहे, सर."

"अगं, बरोबर असती तर असं झालं असतं का?" टोनमास्तर तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले आणि बाकीच्यांकडे पाहून थोडे हसले. "आम्ही वायरीला हात लावण्याआधी दोनदा बघायचो. यांचं सगळं पडद्यावर. मला विचाराल तर ही डबीच..."

"बाबा, रोज उलटं बसवता तुम्ही!"

हे इतक्या मोठ्यानं निघालं की ती स्वतःच दचकली. पण आता थांबता येईना. "निळी-हिरवी कळत नाही तुम्हाला. रोज तुम्ही घरी गेल्यावर मी जाऊन सरळ करत होते. काल वेळ झाला नाही, म्हणून हे झालं."

खरेदीतल्या एका मुलीनं तोंडावर हात धरला. वॉचमन अंगणाकडे बघायला लागला.

टोनमास्तरांचा हात तिच्या खांद्यावरून खाली आला. "रोज?" त्यांनी विचारलं.

चिमीनं नजर खाली घातली.

"पहिल्या दिवसापासून?"

तिनं मान हलवली. टोनमास्तरांनी खिशातून पंच काढला, तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "जा. साहेब खोळंबलेत."

ती गेली. काम पटकन झालं. वरून आवाज आला की केबिन वाजली, गोदाम वाजलं, कोणीतरी टाळ्याही वाजवल्या. त्या टाळ्या ऐकताना तिला रडू आवरेना. तोंड पुसून ती बाहेर आली तेव्हा टोनमास्तर कॅन्टीनच्या कोपऱ्यात बसले होते, पुढ्यात चहा, न प्यालेला. कॅन्टीनवाला लांबच उभा होता. आज दरबार नव्हता.

घरी जाताना बसमध्ये ती म्हणाली, "बाबा, मला तसं बोलायचं नव्हतं."

"चूक होती ती सांगितलीस. त्यात काय," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "अजून कोणाला माहीत होतं?"

"कोणालाच नाही. शपथ."

"तुझ्या आईला?"

"नाही."

"बरं," ते म्हणाले. पण त्यांना ते पटलं नाही हे तिला दिसत होतं. मग बस थांब्यावर यायला आली असताना ते बोलले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "पहिल्या दिवशी सांगितलं असतंस तर मी दुसऱ्या दिवशी डोळे दाखवले असते गं. मी इतके दिवस त्या कॅन्टीनमध्ये बसून काय काय बोललो. तू शेजारी बसून ऐकत होतीस."

जे केलं ते मायेनं केलं, हे सांगायची तिला लाज वाटली.

डोळ्यांच्या डॉक्टरनी मोतीबिंदू सांगितला. त्यानं रंग पिवळट दिसतात, निळा तर हमखास फसवतो, असंही ते म्हणाले. त्यांच्याकडे हे रोजचंच होतं. दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाली त्या दिवशी टोनमास्तर घरभर फिरले. टॉवेल हातात घेऊन आईला म्हणाले, "अगं, हा खरंच हिरवा आहे!" आई हसता हसता रडली. चिमीला वाटलं, सुटलो. आता बाबा पूर्वीसारखे होतील.

ते रागावलेले नव्हते, हीच अडचण होती. रागावले असते तर राग उतरला असता. ते तिच्याशी नीट बोलायचे, जावयाची चेष्टाही करायचे. फक्त तिनं सांगितलेली गोष्ट आता त्यांच्यापर्यंत पोचायचीच नाही. तिनं म्हणावं, "शर्ट छान दिसतोय, बाबा," तर ते हसून "हो का" म्हणायचे आणि आत जाऊन आईला विचारायचे, "बरा दिसतो ना गं?" तिनं बसचा नंबर सांगितला तर थांब्यावरच्या परक्या माणसाला तोच नंबर पुन्हा विचारायचे. डॉक्टरांनी आता सगळं नीट दिसतंय असं सांगितलं, ते त्यांनी मानलं. तेच चिमीनं सांगितलं तेव्हा तिच्याकडे पाहून ते नुसते मायेनं हसले. लहान मूल आपली समजूत घालतंय म्हटल्यावर मोठी माणसं हसतात, तसे.

आईच्या हे ध्यानात आलं होतं. एकदा ती म्हणाली, "वेळ लागेल गं. तू मनाला लावून घेऊ नकोस." पण मनाला लावून न घेण्यासारखं ते नव्हतंच.

पुढं काही महिन्यांनी गोदामातला जुना फोन एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलवायचा निघाला. काम किरकोळ, दोनचार जोड्यांचं. चिमीनं एकटीनं केलं असतं. पण तिनं बाबांना गळ घातली. "मला मदत लागतेय" असं खोटं ती या वेळी बोलली नाही. ती म्हणाली, "तुम्ही यावं असं मला वाटतं, म्हणून बोलावतेय." टोनमास्तरांनी बराच विचार केला आणि पिशवी घेतली.

जिन्याखालच्या खोलीत आता पांढरा दिवा होता. त्यांनी त्याबद्दल काही म्हटलं नाही. फ्रेमसमोर उभे राहिले, केबल सोलली, जोड्या बोटांवर पसरल्या. चिमी मागं उभी राहून बघत होती. निळी निळीच्या जागी गेली, नारिंगी नारिंगीच्या, हिरवी हिरवीच्या. हात पूर्वीसारखाच, एका दाबात खट्कन. लहानपणी स्टुलावर बसून पाहिलेला तोच हात होता.

"बाबा, अगदी बरोबर आहे," ती म्हणाली. तिच्या आवाजात जेवढं खरेपण येऊ शकत होतं तेवढं सगळं आलं होतं.

"हं," टोनमास्तर म्हणाले. त्यांनी मान वळवली नाही. पंच हातात तसाच धरून त्यांनी दाराकडे पाहिलं. बाहेर शिडी धरून नवा वॉचमन उभा होता. महिन्याभरापूर्वी लागलेला, टोनमास्तर कोण हेही त्याला माहीत नव्हतं.

"अहो, जरा आत येता?" टोनमास्तर त्याला म्हणाले. "इथं बघा. ही वायर निळीच आहे ना? आणि ही खालची हिरवी?"

वॉचमन शिडी भिंतीला लावून आत आला, वाकला, बोट लावून नीट पाहिलं. चिमी दोघांच्या मध्ये अंग चोरून उभी होती.

"हो. ही निळी आहे. ही हिरवी."

"नक्की ना?"

"नक्की."

"मग झालं," टोनमास्तर म्हणाले आणि त्यांनी पंच पिशवीत टाकला.